मेमरीज ऑफ मर्डर: खुनी सापडल्यानंतर पुन्हा बघताना

रानभूल

(सिनेमाचा शेवट, मधलं सगळं आणि खऱ्या खटल्याचा निकालही इथे येणार आहे. पाहिला नसेल तर आधी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.)

कोरियन थ्रिलरची चर्चा निघाली की बाँग जून-होच्या या सिनेमाचं नाव येतंच, आणि बहुतेक वेळा गाडी 'शेवटी खुनी कोण ते सांगतच नाहीत, काय भारी!' या स्टेशनावर थांबते. २००३ साली सिनेमा आला तेव्हा ते ठीक होतं. पण सप्टेंबर २०१९ मध्ये खरा खुनी कोण ते जगाला कळलं. त्यानंतर पुन्हा पाहिला आणि माझ्या लेखी तो सिनेमाच बदलला. खुनी कोण हा त्यातला मोठा प्रश्न नव्हताच मुळी. खुनी शोधण्याच्या नावाखाली पोलिसांनी कोणाकोणाचं काय केलं, हा होता.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सोलच्या दक्षिणेला ग्यॉन्गी प्रांतात ह्वासाँग नावाचा भाग आहे. तेव्हा सगळी भातशेती, मधूनच एखादा कारखाना, रस्त्याला दिवे नाहीत, बस सोडली की अंधारात बांधावरून घर गाठायचं. सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ या काळात तिथे १० जणींचे खून झाले. सगळ्यात लहान १३ वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठी ७१ वर्षांची आजी. २० लाखांहून जास्त पोलिस-दिवस खर्ची पडले, २१ हजारांच्या आसपास लोकांची चौकशी झाली. हाती शून्य. त्यावर १९९६ मध्ये एक नाटक आलं आणि त्या नाटकाच्या आधाराने बाँगने हा सिनेमा केला. हा त्याचा दुसराच सिनेमा, हे बघताना खरं वाटत नाही.

एका प्रसंगाबद्दल मला सविस्तर बोलायचंय. दुसरं प्रेत सापडतं ते शेतात. डिटेक्टिव्ह पार्क दु-मान (साँग कांग-हो) तिथे उभा आहे आणि कॅमेरा न तुटता त्याच्यामागून फिरतोय. पोरं इकडून तिकडे धावतायत. बघ्यांची जत्रा. पार्कला मातीत बुटाचा एक ठसा सापडलाय, त्याने त्याभोवती खूण करून ठेवलीय आणि तो कोणीतरी राखावा म्हणून ओरडतोय. फोरेन्सिकवाले अजून आलेले नाहीत. साहेब येतात ते बांधावरून घसरून पडतात. मागाहून फोरेन्सिकवाला येतो, तोही तिथेच घसरतो. तेवढ्यात एक ट्रॅक्टर येतो आणि ठशावरून निघून जातो. संपलं. संपूर्ण केसचं भवितव्य एका शॉटमध्ये, आणि कोणी एक शब्द बोलून दाखवत नाही. आपण हसतो. पहिल्यांदा मीही हसले होते.

मग सुरू होतात चौकशा. तळघरात बॉयलरच्या खोलीत संशयितांना बडवायचं. पार्कचा जोडीदार चो याच्या बुटावर खास कापडी खोळ असते, लाथेचा वळ उठू नये म्हणून. ग्वांग-हो नावाच्या, चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण असलेल्या गतिमंद मुलाला धरून आणतात. त्याच्याच बुटाने ठसा उमटवून पुरावा तयार करतात. त्याला नकली 'नायकी' बूट भेट देतात, वर 'नाइस' असं लिहिलेले. मारहाणीच्या मधल्या वेळात पोलिस आणि तो, सगळे एकत्र बसून काळ्या सॉसच्या नूडल्स ओरपत टीव्हीवरची पोलिसांची मालिका बघतात, तिची धूनही गुणगुणतात.

आता २०१९ नंतरचं वाचा. खुनी निघाला ली चुन-जे. १९९४ मध्ये मेहुणीचा खून केल्याबद्दल जन्मठेप भोगत तो आधीच बुसानच्या तुरुंगात होता. जुन्या पुराव्यांवरच्या डीएनएशी त्याचा डीएनए जुळला आणि त्याने एकूण १४ खुनांची कबुली दिली. त्यात १९८८ चा आठवा खूनही होता. त्या आठव्या खुनासाठी दुसराच एक माणूस जवळजवळ २० वर्षं तुरुंगात राहून आला होता! शेतीची यंत्रं दुरुस्त करणारा, पोलिओमुळे पाय अधू असलेला, अटकेच्या वेळी विशीतला पोरगा. त्याला झोपू न देता, मारून कबुली घेतली होती. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं.

तळघर खरं होतं, ग्वांग-होही खरा होता म्हणायला हरकत नाही. त्यानंतर त्या नूडल्सच्या प्रसंगाला मला हसू येत नाही. तुमचं काय?

टग्या_पुणेरी

मस्त धागा. पण एक विचारतो, हसू येत नाही म्हणजे सिनेमा फसला असं म्हणायचंय का? मला तर उलट वाटतं. विनोद असा पेरलाय की तुम्ही पोलिसांच्या बाजूला जाऊन बसता. पार्क गबाळा आहे, पण आपला वाटतो. ठसा बनवतो तेव्हाही 'अरे काय हा माणूस' म्हणून सोडून देता. अशा चौकशा चालतात त्या याच मायेच्या जोरावर. पोलिस राक्षसासारखे दाखवले असते तर प्रेक्षक म्हणून आपण सुटलो असतो.

पिठलंभाकरी

आधी कॅमेऱ्याचं बोलू. किम ह्युंग-गूचा कॅमेरा आहे. सिनेमाभर बाँग माणसांचा घोळका एकाच चौकटीत ठेवतो, पुढे दोघं भांडतायत, मागे तिसरा खातोय, चौथा दारातून डोकावतोय. क्लोजअप कमी. त्यामुळे तुम्ही कोणाकडे बघायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि हमखास चुकीच्या माणसाकडे बघता. बारमधला प्रसंग आठवा, साहेब मध्ये पडून दोघा डिटेक्टिव्हांना शांत करतात तो. किती माणसं आहेत त्या चौकटीत आणि प्रत्येकाला काम आहे.

तारो इवाशिरोचं संगीतही. भाताच्या शेतावर जे सुरू होतं ते खुनाच्या सिनेमाचं वाटतच नाही.

अस्मि

सगळे पोलिसांबद्दलच बोलताय, म्हणून मी दुसरीकडे बोट दाखवते.

त्या पोलिस ठाण्यात एक बाई आहे, क्वोन ग्वि-ओक. सिनेमाभर तिच्याकडे काम काय, तर कॉफी आणून देणं आणि पावसात लाल कपडे घालून आमिष म्हणून चालणं. प्रत्येक खुनाच्या रात्री रेडिओवर एकच गाणं फर्माइशीने वाजलं होतं, हे कोणाच्या लक्षात येतं? हिच्या. वाचलेली एकमेव बाई कोणाशी बोलते? हिच्याशी, कारण पुरुष डिटेक्टिव्ह दिसताच ती भेदरते. 'त्याचे हात मऊ होते' हा पुराव्याचा धागा तिथून मिळतो. म्हणजे अख्ख्या तपासात जे दोन उपयोगी दुवे आहेत ते कॉफीवाल्या बाईने आणलेत. पार्क त्या वेळात काय करत होता? खुनी अंगावर केस नसलेला असणार असा तर्क लढवून सार्वजनिक न्हाणीघरात पुरुष न्याहाळत बसला होता. आणि भगतिणीकडे जाऊन आला होता.

माझी तक्रार एकच. मेलेल्या बायकांना सिनेमात फारसं आयुष्य नाही. अपवाद शाळेतल्या मुलीचा. सोलहून आलेला डिटेक्टिव्ह सो तिच्या पाठीवरच्या जखमेला चिकटपट्टी लावतो आणि नंतर प्रेतावर तीच पट्टी ओळखतो. तिथे मात्र बाँगने आतडं पिळवटलं.

टग्या_पुणेरी

अस्मि, कॉफीचा मुद्दा शंभर टक्के. आणि ती मुलगी मरते त्या रात्रीचा प्रसंग पुन्हा बघा. खुनी झाडीत आहे. रस्त्याने पार्कची मैत्रीण (पुढे बायको) येतेय, दुसरीकडून ती मुलगी. तो थांबतो, बघतो, निवडतो. पार्कला हे कधीच कळत नाही. ते फक्त आपल्याला माहीत.

दक्षिणायन

अवांतर: ते रेडिओवरचं गाणं यू जे-हाचं आहे, १९८७ च्या त्याच्या एकमेव अल्बममधलं. अल्बम आला आणि काही महिन्यांतच तो अपघातात गेला, वय २५. सिनेमा १९८६ मध्ये सुरू होतो, त्यामुळे काटेकोर बघायचं तर सुरुवातीच्या खुनांच्या वेळी हे गाणं बाजारातच नव्हतं. पण कोरियन प्रेक्षकाला ते सूर लागले की ते दशक आठवतं, तेवढ्यासाठी वापरलं असावं.

वकीलसाहेब

इथे राजकारणाचा मुद्दा सुटतोय. १९८६ म्हणजे चुन दू-ह्वानची लष्करी राजवट. १९८७ च्या जूनमध्ये लोक रस्त्यावर उतरले. सिनेमात एका रात्री गाणं वाजतं, पाऊस पडतोय, खून होणार हे सगळ्यांना माहीत आहे, साहेब फोनवरून जादा कुमक मागतात. उत्तर येतं, माणसं नाहीत, सगळी सुवॉनला निदर्शनं मोडायला गेलीत. शिवाय अधूनमधून नागरी संरक्षणाचा सराव, भोंगा वाजला की गावभर दिवे बंद, शटर खाली. खुन्याला हवा असलेला अंधार सरकारच पुरवतंय. भाषण न देता यापेक्षा जास्त काय सांगणार?

हॉटेलातली मारामारीही त्यातलीच. पोलिसी अत्याचाराची बातमी टीव्हीवर चालू असते, तरुण मंडळी बघत शेरे मारत असतात, चोला ते झोंबतं. त्या राड्यात ग्वांग-हो गंजक्या खिळ्याची फळी त्याच्या पायावर हाणतो. धनुर्वात होऊन शेवटी तो पाय कापावा लागतो. तोच पाय, खोळवाला.

अण्णा_चिंचवडकर

मंडळी, मी ज्येष्ठ नागरिक, सबटायटल वाचत बघितला, दोनदा थांबवून चहा केला. पोलिसांना झोडपणं सोपं आहे हो. दर महिन्याला एक प्रेत पडतंय, वरून दबाव, पेपरवाले दारात, हाताशी डीएनए नाही, रक्तगट तेवढा. त्या काळात आणखी काय करायचं होतं त्यांनी? सिनेमातही नमुना परदेशी पाठवावा लागतो. मारहाणीचं समर्थन करत नाही, पण आजच्या चष्म्यातून त्यांना जोखणं मला पटत नाही.

वकीलसाहेब

अण्णा, आदर ठेवून सांगतो, त्या रक्तगटानेच घात केला. खुन्याचा रक्तगट बी असा पोलिसांचा समज होता. ली चुन-जे तेव्हा चौकशीत आला होता, पण त्याचा रक्तगट ओ, म्हणून सुटला. साधन तुटपुंजं होतं हे मान्य, पण त्यावरचा विश्वास तुटपुंजा नव्हता. आठव्या खुनाच्या केसमध्ये तर केसाच्या शास्त्रीय तपासणीचा अहवाल होता. 'शास्त्रीय पुरावा' म्हणून गाजला. पुढे तो अहवालच खोटा ठरला.

२०२० मध्ये त्या निर्दोष माणसाच्या फेरसुनावणीत ली साक्षीदार म्हणून आला. माझ्यावर संशय का आला नाही याचं मलाच आश्चर्य वाटायचं, लपवायचा फारसा प्रयत्नही मी केला नव्हता, असा त्याच्या सांगण्याचा सूर होता. पोलिस रस्त्यात भेटायचे आणि त्याला दुसऱ्यांबद्दल विचारायचे.

अण्णा_चिंचवडकर

बाप रे. हे माहीत नव्हतं. तरीही माझा मुद्दा कायम आहे, फक्त जरा कमी जोराने.

मधुरा_द

'आजचा चष्मा' म्हणताय, पण सिनेमात त्या काळातलाच दुसरा चष्मा आहे ना! सो ते-युन. सोलहून स्वतःहून आलेला, हात न उचलणारा, 'कागद खोटं बोलत नाहीत' म्हणणारा. फायली वाचून बेपत्ता बाईचं प्रेत कुठे असेल ते सांगतो आणि तिथे सापडतं. म्हणजे १९८६ मध्येही नीट तपास करता येत होता.

गंमत (गंमत कसली) अशी की शेवटी हाच माणूस फिरतो. पावसात, रेल्वेच्या बोगद्यासमोर, तो शेवटच्या संशयिताला, गाण्याची फर्माइश करणाऱ्या पार्क ह्यॉन-ग्यूला, मारत सुटतो. दु-मान धावत अमेरिकेहून आलेला डीएनए अहवाल घेऊन येतो. जुळत नाही. तर सो म्हणतो हा कागद खोटा आहे, आणि पिस्तूल उचलतो. अडवतो कोण? पूर्वी पुरावे बनवणारा दु-मान. दोघांनी जागा बदलल्या. दु-मान त्या पोराचं तोंड धरून डोळ्यांत बघतो, नजरेवरून माणूस ओळखतो अशी याची सिनेमाभर शेखी, आणि म्हणतो, काही कळत नाही. मग विचारतो, जेवतोबिवतोस ना रे वेळेवर? हे वाक्य साँग कांग-होने स्वतः घातलेलं आहे. कोरियात ते म्हणीसारखं झालंय.

टग्या_पुणेरी

हाच तो प्रसंग. आणि कबूल करा सगळ्यांनी, त्या क्षणी तुम्हालाही सो ते-युनने गोळी घालावी असं वाटत होतं. मला वाटलं होतं. पोरगा देखणा, थंड, हात मऊ, गाण्याची फर्माइश त्याचीच. त्याच्याविरुद्ध पुरावा काय? काहीही नाही. नेटवर अजून लोक वाद घालतात की 'सिनेमात तरी तोच खुनी'. अहो, डीएनए जुळला नाही! यावरूनच कळतं की ग्वांग-होला मारताना चोला कसं वाटत असेल.

अस्मि

+१. सगळ्यात अस्वस्थ करणारं वाक्य लिहिलंस या धाग्यातलं.

सुवॉनकर_ओंकार

वाचनमात्र होतो, पण आता लिहितो, कारण मी इथेच राहतो. कंपनीच्या कामामुळे कोरियात आलो, ह्वासाँगच्या हद्दीतल्या डोंगतानमध्ये घर आहे. सिनेमातलं भाताचं शेत डोक्यात ठेवून आलात तर काहीच सापडणार नाही. सॅमसंगचा सेमीकंडक्टरचा मोठा कारखाना इथे, ह्युंदाईचं संशोधन केंद्र नाम्यांगला, तेही ह्वासाँगच. त्यामुळे पुण्या-चेन्नईची मंडळीही भेटतात. सगळीकडे पंचवीस-तीस मजली इमारती, मुलांच्या शिकवण्या, कॉफीची दुकानं. जे अजून शेत आहे तिथे संध्याकाळी लख्ख दिवे.

हापिसात माझ्यापेक्षा बरीच मोठी एक सहकारी आहे, याच भागातली. तिच्या लहानपणी पावसाच्या दिवशी लाल काही घालून बाहेर पडू द्यायचे नाहीत म्हणाली. लाल कपडे आणि पाऊस ही तेव्हाची गावातली अफवा, सिनेमाने ती उचलली. सिनेमा तिने पाहिलेला नाही, बघणारही नाही म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

आणखी एक. इथल्या लोकांना 'ह्वासाँग हत्याकांड' या नावाचा फार राग होता. खुनी एक, बदनाम अख्खं शहर. २०१९ च्या डिसेंबरात पोलिसांनी अधिकृतपणे नाव बदलून 'ली चुन-जे साखळी खून प्रकरण' केलं. तुम्हीही शक्यतो तेच म्हणा.

रानभूल

ओंकार, मनापासून आभार, पुढे तेच म्हणू.

अण्णा, तुमच्यासाठी एक गोष्ट. १९८९ मध्ये प्राथमिक शाळेतली एक मुलगी नाहीशी झाली. तिच्या वस्तू पोलिसांना त्याच वर्षी सापडल्या होत्या, पण घरच्यांना सांगितलंच नाही. तिची नोंद 'बेपत्ता' अशीच राहिली. तीस वर्षांनी लीच्या कबुलीतून आईबापांना कळलं की ती तेव्हाच गेली होती. यात ना डीएनएचा प्रश्न होता ना साधनांचा.

टग्या, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. सिनेमा फसला असं मी अजिबात म्हणत नाही. २००३ मध्ये बाँगला आठव्या केसचा खरा निकाल माहीत असणं शक्यच नव्हतं, तो माणूस तेव्हा तुरुंगातच होता. तरी त्याने तपासाच्या मध्यभागी तळघर ठेवलं. खुन्याला नाही. खुन्याचा चेहरा नाही, नाव नाही, बालपण नाही, 'तो असा का झाला' नाही. नंतरच्या कितीतरी सिरियल किलरपटांत खुनीच हिरो होऊन बसतो, त्याची बुद्धी, त्याची सही, त्याचे डाव. इथे त्याला तेवढी किंमतच दिलेली नाही.

दक्षिणायन

शेवटाबद्दल कोणीच कसं नाही बोललं? २००३. दु-मान नोकरी सोडून ज्यूसर विकतोय. जाता जाता गाडी थांबवून, पहिलं प्रेत सापडलं होतं त्याच पाटात वाकून बघतो. एक लहान मुलगी सांगते, परवा एक माणूस असाच बघत होता, फार पूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं म्हणाला. दिसायला कसा होता? साधाच. चारचौघांसारखा. आणि साँग कांग-हो थेट कॅमेऱ्यात बघतो.

खुनी थेटरात बसून हा सिनेमा बघेल, तेव्हा डिटेक्टिव्हने त्याच्या डोळ्यांत बघावं, असा बाँगचा हेतू होता, त्याने मुलाखतींत सांगितलंय. प्रत्यक्षात ली तेव्हा तुरुंगात होता. सिनेमा त्याने तिथेच पाहिला. कोर्टात विचारलं तर म्हणाला, सिनेमा म्हणून पाहिला, विशेष काही वाटलं नाही.

पिठलंभाकरी

'विशेष काही वाटलं नाही'. आणि आपण इथे नजरेचं विश्लेषण करतोय. छान.

मधुरा_द

वकीलसाहेब, एक शंका. १४ खून कबूल करूनही लीवर नवा खटला का नाही?

वकीलसाहेब

मुदत. कोरियात तेव्हा खुनाच्या खटल्याला १५ वर्षांची मुदत होती. शेवटचा खून एप्रिल १९९१ चा, म्हणजे एप्रिल २००६ मध्ये ते दार बंद झालं. सिनेमा आला तेव्हा अजून तीन वर्षं हातात होती, हेही लक्षात घ्या. २०१५ मध्ये खुनासाठी मुदतच काढून टाकली, पण आधीच मुदत संपलेल्या केसेसना त्याचा उपयोग नव्हता. त्यामुळे ली आत आहे तो फक्त १९९४ च्या खुनासाठी.

आपल्याकडे तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना अशी मुदत नाही, त्यामुळे खुनाचा खटला कधीही उभा राहू शकतो. आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, पुरावा कायद्याचं जुनं कलम २५, नव्या साक्ष्य अधिनियमात २३. कागदावर आपण बरे आहोत. कोठडीत काय चालतं ते अण्णांना विचारू नका, मला विचारा, पण वेगळ्या धाग्यावर.

नवीन_सभासद_जुई

धागा वाचून काल रात्री पाहिला. एक प्रश्न. सुरुवातीला ठाण्यात दोन तरुण शेजारी बसून जबाब लिहीत असतात. साहेब दु-मानला सांगतात, एकजण बलात्कारी आहे आणि दुसरा त्या मुलीचा भाऊ, ओळख बघू नजरेवरून कोण कोणता. दु-मान बघतो, आणि प्रसंग तिथेच कापलाय. उत्तर पुढे कुठे येतं का? माझ्याकडून निसटलं?

टग्या_पुणेरी

नाही येत. आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. मी डावीकडचा म्हणतो, बायको उजवीकडचा.

अस्मि

तुम्ही दोघंही ठाण्यात भरती व्हा, दु-मानच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.